धोंडबांचा उजवा हात

१

पुतळ्याची तीन बोटं गेली होती.

शनिवारी सकाळी रुपराव भोयरांनी गांधीबागेतल्या ‘धोटा वाचनालया’चं दार उघडलं, पुतळ्यावरची चादर ओढली, तेव्हा त्यांना ते दिसलं. त्यांनी फोन लावला, तो पोलिसांना नाही. अरुंधती मुंडले यांना.

अरुंधतीबाई विमा कंपनीत सर्व्हेअर होत्या. जळालेली गोदामं, उलटलेले ट्रक, भिजलेल्या कापसाच्या गाठी पाहून नेमकं काय घडलं हे सांगण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी नागपुरात कुणाचं काही हरवलं-मोडलं की अजून त्यांचाच फोन वाजायचा. त्यांनाही ते आवडायचं. धंतोलीतून स्कूटर काढून त्या निघाल्या, तेव्हा त्यांचा चहाही पुरता पिऊन झाला नव्हता.

पुतळा खरं तर अजून पुतळा नव्हता. ब्राँझ ओतण्याआधी करतात तसं ते प्लास्टरचं प्रारूप होतं, कमरेएवढ्या ओट्यावर उभं केलेलं. धोतर, बंद गळ्याचा कोट, डाव्या हातात वर्तमानपत्राची गुंडाळी आणि पुढे आलेल्या उजव्या हातात टाक. म्हणजे टाक काल होता. आज त्या हाताला फक्त अंगठा आणि करंगळी उरली होती.

“पाहा मॅडम, काय हाल केले त्या माणसाचे!” रुपराव म्हणाले. “इंग्रजानं तीनदा जेलात टाकलं, पण त्याच्या बोटाले कोणी हात नाही लावला. अन् आता आपलेच लोकं बोटं तोडून राहिले!”

“रुपरावजी, मला या माणसाची नीट माहिती नाही. आधी ती सांगा.”

रुपरावांना हेच हवं होतं. ते स्वतः शेतकरी घरातले, तरुणपणी गिरणीत लागले, युनियनमध्ये आले आणि आता पुतळा समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी सांगितलं ते असं. धोंडबा पराते खाप्याच्या विणकराचा मुलगा. दहा-अकराव्या वर्षी नागपुरात आला आणि एका गिरणीत कामाला लागला. त्या गिरणीचं आज नावही उरलेलं नाही. पुढे त्यानं कामगारांची पहिली संघटना बांधली आणि ‘धोटा’ नावाचं साप्ताहिक काढलं. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो आणि कापड तयार होतं, तसं हे पत्र एका खात्यातून दुसऱ्या खात्यात धावायचं. कुणाला चौदा तास राबवलं, कुणाच्या बाळंतपणाची सुट्टी कापली, सगळं नावानिशी छापून यायचं. साहेब लोक सोमवारी घाबरत, कारण सोमवारी ‘धोटा’ निघे.

“लिहायचा, छापायचा, वाटायचा, सगळं थो एकटा. लगन नाही, घर नाही. याच खोलीत राहिला, याच खोलीत गेला. सत्तावन्न साली.”

अरुंधतीबाई ऐकता ऐकता पुतळ्याभोवती फिरत होत्या. फरशीवर प्लास्टरचा एक कण नव्हता. मोडलेला टाक ओट्याच्या कडेला ठेवला होता. पण तो मोडलेला नव्हताच. अख्खा होता, आणि कुणीतरी तो रुमालावर ठेवला होता.

“किल्ल्या कुणाकडे असतात?”

“माझ्यापाशी एक, मूर्तिकार सुशीलपाशी एक, सुमतीताईपाशी एक. त्या वाचनालय पाहतात. पण मॅडम, किल्लीचं काय घेऊन बसल्या? मागचं दार उन्मेष देशकरच्या गोदामात उघडते. थो चौकात पुतळा होऊ देत नाही म्हणून दोन वर्षांपासून भांडून राहिला. चोर मले मालूम आहे. तुमी फक्त पुरावा द्या. सोमवारी महापालिकेचे लोक पाहाले येऊन राहिले.”

अरुंधतीबाईंनी उरलेल्या हातावरून अलगद बोट फिरवलं. बोटं जिथून कापली होती तिथला भाग खरबरीत लागायला हवा होता. तो गुळगुळीत होता. कुणीतरी बोटं कापून झाल्यावर सावकाश बसून तो घासला होता.

२

मूर्तिकार सुशील मेश्रामचं काम लकडगंजात, आरायंत्रांच्या मागे एका लांबट शेडमध्ये चाले. बातमी त्याला कळली होती. तो रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता.

“मी कालची दुपार तिथेच होतो. सगळे पाहायला आलेले. जो तो सूचना देत होता. रुपरावजींना टाकाऐवजी मूठ हवी होती. उन्मेषभाऊंना पुतळा अर्धा हवा होता. सुमतीबाई म्हणाल्या, उजवा हात शालीखाली घ्या, फोटोत आहे तसा. एक नगरसेवक म्हणाले, चष्मा घाला, विचारवंत वाटतील.” तो हसला. “मी सगळ्यांना हो म्हटलं आणि कुणाचंच ऐकलं नाही. पत्रकाराचा हात लपवायचा? हात म्हणजेच तर तो अख्खा माणूस.”

“फोटो दाखवता?”

धोंडबांचा तो एकच फोटो होता. सुशीलनं तो मोठा करून भिंतीवर लावला होता. खुर्चीवर बसलेला, पन्नाशीकडे आलेला माणूस. डोळे मिश्कील, मिशा पिकलेल्या, खांद्यावरून घेतलेली जाड शाल उजव्या हातावरून गुडघ्यापर्यंत उतरलेली. मागे खिडकी आणि खिडकीला काहीतरी बांधलेलं.

“हे मागे काय आहे?”

“ते? वाळ्याची ताटी. पाणी मारतात ना उन्हाळ्यात, ती. मी तो भाग काढून टाकला, पुतळ्यात त्याचा काय उपयोग.”

अरुंधतीबाईंनी त्या फोटोची प्रत मागून घेतली. मग त्यांनी विचारलं, “सुशील, तुम्हाला ही बोटं कापायची असती तर कशी कापली असती?”

“बारीक दातांच्या आरीनं. सोपं आहे, प्लास्टर खडूसारखं कापलं जातं. पण आधी टाक काढून ठेवावा लागेल, नाही तर तो तुटेल.” तो थांबला. “म्हणजे तुम्हाला वाटतं…”

“मला अजून काही वाटत नाही. काल संध्याकाळी कुठे होतात?”

“इथेच. एकटा.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी इतक्या मोठ्यानं बोलत होतं की अरुंधतीबाईंनाही ऐकू आलं. रुपराव युनियनची जुनी माणसं घेऊन उन्मेष देशकरच्या दुकानावर निघाले होते.

३

देशकरांचं साड्यांचं ठोक दुकान ऐन चौकात होतं. अरुंधतीबाई पोचल्या तेव्हा दुकानासमोर पंधरा-वीस म्हातारे घोषणा देत होते. घोषणा जोरात होत्या, पण मधूनमधून दम लागत होता. उन्मेषचे नोकर त्यांना पाणी देत होते.

“रुपरावजी, उद्या दुपारी चार वाजेपर्यंत मला द्या,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “त्यानंतर तुम्ही पोलिसांत जा, मी अडवणार नाही.”

“काहून पण? दिसून नाही राहिलं का?”

“गिरणीच्या गोदामाला आग लागली तेव्हा आळ तुमच्यावर होता, आणि मी अहवालात खरं ते लिहिलं होतं. आठवतं?”

रुपरावांना आठवत होतं. त्यांनी हात वर केला आणि घोषणा थांबल्या.

आत उन्मेष गादीवर बसला होता. चाळिशीचा, गोरा, घामेजलेला. “मॅडम, मी विरोध केला, आजही करतो,” तो म्हणाला. “चौकात पुतळा आला की माझा माल उतरवायचा कुठे? पण जरा विचार करा. मला पुतळा नको असता तर मी अख्खा पाडला असता ना? तीन बोटं गेल्यानं माझा ट्रक वळणार आहे का?”

अरुंधतीबाईंना हसू आलं. मुद्दा बिनतोड होता.

“आणि खरं सांगू? माझं त्या माणसाशी काही वाकडं नाही. आमचे आजोबा त्यांचं पत्र वर्गणी भरून घ्यायचे. कापडाचे व्यापारी असून! घरात कुणी त्यांच्याबद्दल कधी वाईट बोललेलं मी ऐकलं नाही. खरं तर काहीच बोललेलं ऐकलं नाही. विषय निघाला की आमची आत्या उठून स्वयंपाकघरात जायची.”

“काल संध्याकाळी तुम्ही गोदामात होतात?”

“होतो. माल लावत होतो.” तो जरा घुटमळला. “रुपरावजींसमोर मी हे बोललो नाही, उगीच दुसरा कुणी अडकायचा. पण दिवेलागणीच्या आधी वाचनालयातून घासल्याचा आवाज येत होता. खर्र, खर्र. घाई नाही, काही नाही. मला वाटलं सुशील काम करतोय. त्याच्याशिवाय तिथे घासणार कोण?”

सुशील तर म्हणाला होता की तो संध्याकाळभर लकडगंजात होता.

४

रविवारी सकाळी वाचनालयात सुमती निखारे एकट्याच होत्या. सत्त्याहत्तरीच्या, सडपातळ, काठापदराचं पातळ, नाकात चमकी. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि निवृत्तीनंतर हे वाचनालय सांभाळलं. त्यांचे वडील ‘धोटा’चे खिळे जुळवायचे, म्हणजे कंपॉझिटर होते. आई भागीरथा मागावर बसायची.

“या, बसा. सुपारी खाता ना?” त्यांनी अडकित्ता घेतला आणि उजव्या हातानं भराभर सुपारी कातरली. कातरण इतकं बारीक पडत होतं की अरुंधतीबाई पाहतच राहिल्या.

“बोटांचं कळलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

“काय वाटणार बाई. दुरुस्त करता येते म्हणतात.” एवढं बोलून त्यांनी सुपारी पुढे केली.

“धोंडबांना तुम्ही पाहिलंय?”

सुमतीबाईंचा चेहरा उजळला. “पाहिलंय म्हणजे! मी त्यांच्या मांडीवर वाढली. काका म्हणायची. या खोलीत ते लिहायचे, बाबा तिकडे खिळे लावायचे, अन् मी मधात. शाळेत जायच्या आधी मले अक्षरं त्यांनीच शिकवली. मांडीवर घ्यायचे, पाटी पुढे, अन् माझा हात आपल्या हातावर ठेवायचे. म्हणायचे, मी जातो तिकडे तू चल. असा ‘क’ यायचा, असा ‘ख’ यायचा. पाच वर्षांची असताना मी ‘धोटा’ वाचून दाखवायची.”

“कडक होते?”

“छे वं! हसवायचे. साहेबाची नक्कल करायचे. जेलातून आले की गाणी घेऊन यायचे. अन् कोणी नवा माणूस युनियनमध्ये आला की त्याले विचारायचे, तू रागानं आला का दयेनं? रागानं आला असशील तर बस, दयेनं आला असशील तर चहा घे अन् जा.”

खोलीच्या कोपऱ्यात धोंडबांचं उतरतं लिहायचं मेज होतं. अरुंधतीबाईंनी ते जवळून पाहिलं. फळीच्या वरच्या काठाला उजवीकडे दौतीसाठी खोबण होती, सुतारानं नीट गोल कातलेली. आतलं लाकूड अजून स्वच्छ पिवळं होतं. डावीकडे दुसरी खोबण होती, हातानं कोरलेली, वेडीवाकडी. तिच्याभोवतीचं लाकूड शाईनं काळंभोर झालं होतं.

“सुमतीबाई, आज दुपारी चारला सगळ्यांना इथे बोलवायचंय. वाचकांसाठी बाहेर फळ्यावर तसं लिहाल?”

“लिहिते ना.” त्या उठल्या, बाहेर गेल्या, खडू उचलला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘आज दुपारी वाचनालय बंद राहील.’ शाळामास्तरणीचं अक्षर. एकही रेघ चुकलेली नव्हती.

अरुंधतीबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. सुमतीबाईंनी खडू डाव्या हातात धरला होता.

अरुंधतीबाईंनी तिथूनच रुपरावांना फोन केला.

“चोर सापडला का मॅडम?”

“चोर नंतर पाहू. आधी काय चोरीला गेलं तेच आपल्याला कळलं नव्हतं.”

५

चार वाजता सगळे जमले. रुपराव, सुशील, उन्मेष आणि सुमतीबाई. मध्ये चादर काढलेला पुतळा.

“मी काय पाहिलं ते सांगते,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “रागानं तोडणारा माणूस घाव घालतो आणि पळतो. इथे आधी टाक काढून रुमालावर ठेवलाय. मग बोटं कापलीत, कापलेली जागा घासून गोल केलीय, फरशी झाडलीय आणि चादर परत घातलीय. हे शत्रूचं काम नाही. उन्मेषनी आवाज ऐकला तोही सावकाश, उजेडातच. म्हणजे करणाऱ्याला इथे बसायचा हक्क होता आणि कुणी आलं तरी भीती नव्हती. उन्मेष, ते तुम्ही नाही.”

उन्मेषनं रुपरावांकडे पाहिलं. रुपरावांनी छताकडे पाहिलं.

“मग सुशील? आपलं काम कुणी असं कापत नाही. मनात बदल आला असता तर त्यानं हात पुन्हा घडवला असता, तेही आपल्या शेडमध्ये. आणि रुपरावजी, तुम्हाला मूठ हवी होती. बोटं कापून मूठ होत नाही.”

“मग उरलं कोण?” रुपरावांनी विचारलं आणि त्यांची नजर सुमतीबाईंकडे वळली.

“थांबा. कोण ते सोडा, का ते पाहू. तीनच बोटं का? अंगठा आणि करंगळी का ठेवली? मोडतोडच करायची तर मनगटापासून हात काढणं सोपं होतं. ज्यानं कापलं त्याला नेमकी हीच तीन नको होती.” त्यांनी सुशीलकडचा फोटो टेबलावर ठेवला. “हा फोटो पाहा. खिडकीला वाळ्याची ताटी आहे. म्हणजे मे महिना असेल. नागपूरचा मे महिना! आणि या गृहस्थांनी जाड शाल घेतलीय. तीही अख्ख्या अंगावर नाही, फक्त उजव्या हातावर. थंडीसाठी नाही घेतलेली ती.”

सुशील पुढे वाकला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला.

“आता ते मेज. उजवीकडची दौतीची जागा कोरी, डावीकडची त्यांनी स्वतः कोरलेली आणि शाईनं काळी. धोंडबा डाव्या हातानं लिहीत होते. जन्मतः डावरे असतील, असंही म्हणता आलं असतं. पण डावऱ्या माणसाला उजवा हात झाकायची गरज नसते.”

त्या सुमतीबाईंकडे वळल्या. आवाज हळू झाला.

“सुमतीबाई, तुम्ही एक शब्दही बोलू नका. मी सांगते, चूक असेल तर मला थांबवा. तुम्ही सुपारी उजव्या हातानं कातरता. तुमचा तोच हात चांगला आहे. पण लिहिता डाव्या हातानं. कारण अक्षरं शिकताना तुमचा हात धोंडबांच्या हातावर होता आणि तो डावा होता. त्यांच्या उजव्या हाताला ही तीन बोटं नव्हती. तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही सुशीलला शाल घ्यायला सांगितलं, कारण सांगता आलं नाही. सांगायचं नाही असं तुमच्यावर काहीतरी बंधन आहे. म्हणून तुम्ही काही न बोलता, जे त्यांचं नव्हतं तेवढं काढून घेतलंत.”

सुमतीबाईंनी त्यांना थांबवलं नाही.

त्या उठल्या, वर्तमानपत्रांच्या कपाटामागून एक स्टीलचा डबा काढला आणि सुशीलसमोर ठेवला. आत कापसावर प्लास्टरची तीन बोटं होती.

“ही तुमची, सुशीलराव,” त्या म्हणाल्या. एवढंच.

सुशीलनं बोटं उचलली नाहीत. तो पुतळ्याजवळ गेला, कापलेल्या जागेवर अंगठा फिरवला. “छान घासलंय,” तो म्हणाला. “माझ्या पोरांना असं जमत नाही.”

पण रुपराव उभे राहिले होते. “तुटक्या हाताचा पुतळा? चौकात? लोक काय म्हणतीन, सुमतीताई? अन् हे खरं कशावरून? तुमी तर काही बोलूनच नाही राहिल्या!”

सुमतीबाईंनी पदर खांद्यावर घेतला. “मले खाप्याले घेऊन चला,” त्या म्हणाल्या. “तिथं बोलते.”

६

सोमवारी सकाळीच महापालिकेला कळवून टाकलं की प्रारूपात दुरुस्ती आहे, महिनाभर द्या. तिकडून हरकत आली नाही. उलट सुटकेचाच सूर होता. मग उन्मेषच्या गाडीतून सगळे खाप्याला निघाले. रुपराव पुढे बसले. पाटणसावंगी येईपर्यंत ते उन्मेषशी बोलले नाहीत, मग संत्र्याच्या भावावरून बोलायला लागले आणि थांबले नाहीत.

कन्हानच्या काठाकडे उतरणाऱ्या गल्लीत सुमतीबाईंच्या भावाचं घर होतं. ओसरीवर भागीरथाबाईंचा माग अजून उभा होता. भाऊ त्यावर आता विणत नसे, पण पुसून ठेवायचा. सुमतीबाईंनी चपला काढल्या, मागाच्या लाकडावर तळहात टेकला आणि डोळे मिटले.

“आई, आता सांगते वं,” त्या म्हणाल्या. “बस झालं.”

मग त्यांनी सांगितलं.

धोंडबा अकरा वर्षांचा असताना गिरणीच्या पट्ट्यात त्याचा हात गेला. बरा झाल्यावर गिरणीनं त्याला काढून टाकलं, कारण अशा हाताचा पोरगा काय कामाचा. त्यानं डाव्या हातानं लिहायला शिकून घेतलं. पुढे मोठा संप झाला, धोंडबांवर वॉरंट निघालं आणि पोलिसांनी दवंडी पिटली: उजव्या हाताची तीन बोटं तुटलेला इसम दिसल्यास कळवावं. धोंडबा तेव्हा खाप्यात, याच विणकरांच्या मोहल्ल्यात होता. पळायला वाट नव्हती. मोहल्ल्याच्या दोन्ही तोंडांना शिपाई उभे होते.

“आई तेव्हा नवी नवरी होती. तिनं डोकं चालवलं. घरोघरी फिरली अन् प्रत्येक माणसाच्या उजव्या हाताले चिंधी बांधली. म्हाताऱ्याले, तरण्याले, सगळ्याइले. पोलीस आले त पाहतात काय, अख्खा मोहल्ला हात बांधून उभा! साहेबानं विचारलं, हे काय? त म्हणतात, धोटा लागला साहेब. तुले? मलेही धोटा लागला. कोणाकोणाची चिंधी सोडणार? साहेबाले वाटलं थट्टा करून राहिले, अन् करूनच राहिले होते. चिडला अन् निघून गेला. काका त्याच रांगेत उभे होते.”

रुपरावांनी तोंडावर हात घेतला होता. ते हसत होते की रडत होते, कळत नव्हतं.

“त्याच दिवशी मोहल्ल्यानं मागावर हात ठेवून शपथ घेतली. धोंडबाच्या हाताचं कोणी कधी बोलायचं नाही. वॉरंट गेलं, इंग्रजही गेला, पण काकांनीच म्हटलं, राहू द्या तसंच. माझा हात पाहून कोणी युनियनमध्ये येऊ नये, माझं लिहिलेलं वाचून यावं. ते वारले त्या वर्षी मी नऊ वर्षांची. आईनं माझा हात या मागावर ठेवला.” सुमतीबाईंनी डोळे पुसले. “शपथ देणारी गेली. मग सोडवणार कोण? पण तो पाच बोटांचा हात पाहिला अन् मले वाटलं, हे आपले काका नाहीत. हा कोणी दुसराच साहेब आहे.”

सुशील ओसरीच्या पायरीवर बसून वहीत भराभर रेघा ओढत होता. त्या चित्रात टाक आता धोंडबांच्या डाव्या हातात होता. उजवा हात शालीखाली नव्हता, मुठीतही नव्हता. तो मेजावरचा कागद दाबून धरत होता, अंगठा आणि करंगळीनं.

रुपराव त्याच्या मागे येऊन उभे राहिले.

“असाच ठेव गा,” ते म्हणाले. “मोठा ठेव.”

७

हिवाळ्यात, एका कोवळ्या उन्हाच्या सकाळी पुतळा चौकात उभा राहिला. खाप्याहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. उन्मेषनं दुकान बंद ठेवून मांडव घातला होता आणि चहा त्याच्याच घरून येत होता. भाषणं व्हायची ती झाली. सगळ्यांत शेवटी रुपरावांनी सुमतीबाईंचं नाव घेतलं.

त्या माइकसमोर उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या अरुंधतीबाईंनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली.

“माझ्या काकाच्या उजव्या हाताले तीन बोटं नव्हती,” सुमतीबाई म्हणाल्या. “आमच्या घरात ते कोणाले सांगायचं नव्हतं. आईची शपथ होती. आज पहिल्यांदा चारचौघांत सांगून राहिली.”

पुतळ्याकडे माना वळल्या. मग खाप्याच्या लोकांतून एक पागोटेवाला म्हातारा काठीवर भार देत उठला.

“मले बी मालूम होतं, बाई,” तो म्हणाला. “माह्या बापानं शपथ घालून सांगितलं होतं. मले वाटे आमच्याच घरात मालूम आहे.”

“आमच्या घरी बी!” पलीकडून एका बाईचा आवाज आला. “मायनं मरताना सांगितलं, तोंड उघडू नको म्हणे.”

मग तिसरा उठला, चौथी उठली, आणि कुणीतरी भागीरथाबाईंच्या चिंध्यांची गोष्ट काढली. मागच्या रांगेत दोन म्हाताऱ्या चुलतबहिणी एकमेकींकडे बघत होत्या. तुले बी? हो, मले बी. साठ वर्षं एका अंगणात राहून दोघींनी एकमेकींपासून हेच लपवलं होतं.

गलका जरा ओसरला, तेव्हा दुकानाच्या पायरीजवळून चाकाची खुर्ची पुढे आली. उन्मेष ती ढकलत होता. खुर्चीत त्याची नव्वदीची आत्या होती, शाल पांघरलेली, बोळकं तोंड हसरं.

“चिंध्या म्हणू नका हो,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळे ऐकत होते. “नवं कोरं मांजरपाट होतं ते. आमचं दुकान तेव्हा खाप्याला होतं, तिथलं. भागीरथा मागच्या दारानं आली आणि बाबांनी अख्खं ठाण फाडून दिलं. मला म्हणाले होते, कुणाला बोललीस तर याद राख.”

रुपरावांनी उन्मेषकडे पाहिलं. उन्मेष आत्याकडे पाहत होता, जणू ती त्याला आजच भेटली होती.

मग सुमतीबाईंना हसू फुटलं. “अन् मी समजे आता मी एकटीच उरली,” त्या म्हणाल्या, “एकटीच सांभाळून राहिली!” आणि हसता हसता त्यांना उभं राहवेना, तेव्हा त्या पुतळ्याच्या चौथऱ्यावरच बसल्या. खाप्याच्या बाया त्यांच्याभोवती येऊन बसल्या, चहा आला, आणि कुणाच्या बापाच्या हाताला कुणी चिंधी बांधली होती याचा हिशेब दुपारपर्यंत चालू राहिला.